जुनी जिन पाडू नका, गावासाठी उघडा

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका यांना,

सप्रेम नमस्कार.

स्टेशन रस्त्यावरची जुनी जिन, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गासड्या बांधणारा बंद पडलेला कारखाना, पाडून तिथे व्यापारी संकुल बांधायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत येणार असल्याचं कळलं. तुमच्यातल्या काहींना मी पहिली-दुसरीत शिकवलं आहे, आणि मी राहते ती गल्ली जिनच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहिते आहे. ते सगळ्या गावाने वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मागणी सरळ आहे. जिन पाडू नका. ती दुरुस्त करा आणि गावाचं सामुदायिक केंद्र म्हणून उघडा. आणि दुरुस्तीची निविदा निघण्याआधी ते केंद्र रोज कोण चालवणार, हे कागदावर ठरवा. पहिल्या मागणीला आज ना उद्या तुम्ही हो म्हणाल असं मला वाटतं. दुसरी मात्र राहून जाईल याची मला खरी काळजी आहे.

तुमच्यातल्या तरुण सदस्यांनी जिन चालू असताना आतून पाहिलेली नसेल, म्हणून थोडं सांगते. कापसाची गाडी फाटकातून आली की आधी काट्यावर चढायची. ग्रेडर मूठभर कापूस घ्यायचा, बोटांनी धागा ओढून लांबी बघायचा आणि शेतकरी त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. मग कापूस रेच्यांवर, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर जायचा. रेच्याच्या चामड्याच्या रुळावरून रुई पुढे सरकायची आणि सरकी जाळीतून खाली गळायची. सरकी तेलघाण्याकडे जायची, तिची ढेप गुरांच्या पुढ्यात यायची. रुई प्रेसमध्ये दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळली की गासडी तयार. आजची ठरलेली गासडी १७० किलोची असते. हमाल ती पाठीवर कलती घेऊन गोदामात कशी नेत, हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत.

रेच्यांना कापूस लावायचं काम बायांचं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया तिथे होत्या, माझी आईही होती. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवया रुईने पांढऱ्या झालेल्या असायच्या. हातपाय धुवायच्या आधी ती अंगणात उभी राहून लुगडं झटकायची, तरी घरभर तंतू उडायचे. हिवाळाभर तिचा खोकला थांबायचा नाही. मजुरी तुटपुंजी होती, बसायला जागा नव्हती आणि लहान लेकरं फाटकाजवळच्या लिंबाखाली झोळीत झोपायची. म्हणून जिनच्या नुसत्या वैभवाच्या गोष्टी कोणी सांगू लागलं की मला राहवत नाही. उद्या त्या इमारतीत जुन्या दिवसांची मांडणी होईल तेव्हा मालकांच्या तसबिरींच्या बरोबरीने या बायांची आणि हमालांची नावं भिंतीवर लागली पाहिजेत. तरीही, की म्हणूनच, आई त्या जागेला शेवटपर्यंत ‘मन्ही जिन’ म्हणत असे. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही सार्वजनिक इमारतीबद्दल तिने असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खान्देशच्या काळ्या रानातल्या कापसाला एकाएकी मोल आलं. त्याच दशकात रेल्वे खान्देशात शिरली. पुढे रुळांच्या कडेकडेने जिन-प्रेस उभ्या राहिल्या आणि जळगाव, धरणगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबार या गावांची चण त्यांनी बदलली. आपल्या गावाचंही तसंच झालं. बाजारपेठ नदीकाठचा गढीचा भाग सोडून स्टेशनकडे सरकली ती जिनमुळे. हमालवाडी, तेलघाणे, सराफ गल्ली, धर्मशाळा, सगळं तिच्याभोवती वसलं.

कार्यालयाच्या खोलीत पत्र्याच्या छापपट्ट्या अजून भिंतीला टेकून पडल्या आहेत. त्यांत अक्षरं आणि आकडे कापलेले आहेत. शाईचा बोळा फिरवला की गासडीवर प्रेसची खूण आणि क्रमांक उमटायचा. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी १९२५ साली जो कायदा झाला, त्याने हे खूण करणं बंधनकारक केलं. मुंबईच्या किंवा परदेशातल्या व्यापाऱ्याला गासडीत भेसळ सापडली तर ती कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसमधून आली, हे त्या खुणेवरून कळायचं. म्हणजे आपल्या गावाचं नाव आणि त्याची पत त्या पट्ट्यांमधून बाहेर जात होती. मागच्या पावसात त्यांतल्या काही भंगारवाल्याकडे गेल्याचं ऐकलं. उरलेल्या निदान कुलपात ठेवा, ही विनंती इथेच करून ठेवते.

आणि १९७२ नंतरची ती वर्षं. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा असा नियम झाला आणि हंगामात गाड्यांची रांग फाटकापासून पार नाल्याच्या पुलापर्यंत जायची. शेतकरी गाडीखाली गोधडी टाकून रात्री काढायचे. कोणी तीन दगडांवर भाकरी भाजायचं, कोणी पहाटे भजन धरायचं. चुकारे, म्हणजे घातलेल्या कापसाचे पैसे, थकायचे, भांडणं व्हायची, मोर्चे निघायचे. तालुक्यातल्या प्रत्येक गावचा माणूस प्रत्येक दुसऱ्या गावच्या माणसाला तिथे भेटला. पाटील, भिल्ल, लेवा, माळी, कोळी, मुसलमान, सगळे एकाच रांगेत. त्या रांगेत सोयरिकी जमल्या, बैलांचे सौदे झाले, निवडणुकांची गणितं मांडली गेली. इमारत बांधणाऱ्याच्या मनात नसेल, पण जिन तेव्हाच सामुदायिक केंद्र झाली होती. आज तालुक्यात प्रत्येक समाजाचं वेगळं मंगल कार्यालय आहे. ज्या छपराखाली कोणीही कोणाला जात न विचारता बसेल, असं एकही नाही.

आता इमारतीबद्दल. ती धोकादायक असल्याची पाटी फाटकावर लागली आहे. ती कोणत्या तपासणीवरून लावली, ते नगरपरिषदेने लोकांपुढे ठेवावं. मी अभियंता नाही, पण त्या भिंती रोज बघते आणि जुन्या बांधकामाची जाण असलेल्यांना आत नेऊन दाखवलंही आहे. मुख्य भिंती दोन वीत जाडीच्या, भाजक्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. त्या ताठ उभ्या आहेत. छपराच्या लोखंडी कैच्या गंजल्या आहेत, पण वाकलेल्या नाहीत. खराब झालं आहे ते नंतर केलेलं काम. पूर्वेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला. चुन्याच्या भिंतीला ओल बाहेर टाकायची सवय असते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं, ओल आत कोंडली आणि विटांना लोणा लागला. गिलाव्याचे पोपडे सुटतात तिथे हात लावा, विटेची भुकटी हातात येते. तो गिलावा हळूच उतरवून पुन्हा चुन्यात काम करावं लागेल. चुना मळणारे गवंडी आज मोजके आहेत, पण मिळतात. दुरुस्तीच्या नावाखाली साऱ्या भिंतींवर सिमेंट फासलं तर इमारत पाडल्यासारखीच होईल, फक्त थोडी उशिरा.

आणखी दोन ठिकाणी घाई करू नका. गोदामावरचे फुटके सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत. ते करवतीने कापले, हातोड्याने फोडले तर त्यांची धूळ कामगारांच्या छातीत जाते. ते ओले करून, अख्खे उतरवणाऱ्यांकडूनच काढून घ्या. दुसरं म्हणजे चिमणी. तिच्या गळ्याशी पिंपळ उगवला आहे. तो नुसता ओढून काढला तर मुळांबरोबर विटाही येतील. आधी मुळं मारावी लागतात, मग सांधे भरावे लागतात. चिमणी तिरकी झाल्याची अफवा आहे. ओळंबा सोडला की एका सकाळीत खरं-खोटं कळेल. रात्री बसने येताना लांबून चिमणी दिसली की गाव आलं म्हणून पिशव्या आवरायला घेणारी माणसं अजून आहेत.

तुम्हाला वाटेल, या जुन्या सांगाड्याचा आजच्या गावाला उपयोग काय. मी आधी उन्हाचं बोलते, कारण आपल्याकडे त्याच्याइतकी खरी गोष्ट दुसरी नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो आणि आपण त्याच तव्यावर आहोत. मजूर अड्ड्यावर काम न मिळालेले लोक दुपारी जातात कुठे? बँकेच्या, एटीएमच्या दारात बसतात, तिथून उठवले जातात. बाजाराला आलेल्या बाया एसटीच्या शेडमध्ये लेकरं घेऊन बसतात. रेचेघराचं छप्पर दोन मजल्यांएवढं उंच आहे, पत्र्याखाली सागवानी फळ्यांचं अस्तर आहे आणि माथ्यावर लांबच लांब जाळीची पट्टी आहे. रुईची धूळ आणि यंत्रांची गरमी वर निघून जावी म्हणून ती ठेवलेली होती. आजही भर दुपारी आत पाऊल टाकलं की फरक जाणवतो. बुटक्या स्लॅबच्या नव्या संकुलात ही गोष्ट वातानुकूलनाशिवाय होणार नाही, आणि त्याचं बिल कोण भरणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पिण्याचं थंड पाणी, स्वच्छ शौचालयं आणि बसायला बाकं, एवढं केलं तरी ती जागा पहिल्याच उन्हाळ्यात लोकांच्या उपयोगी पडेल.

मग अभ्यास करणारी मुलं. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी मुलं-मुली घरात जागा नाही म्हणून महिन्याचं भाडं भरून खासगी अभ्यासिकांत बसतात. ज्यांना ते परवडत नाही ती मंदिराच्या ओट्यावर बसतात. मुलींना तेही करता येत नाही. कार्यालयाच्या तीन खोल्या रात्री दहापर्यंत उघड्या राहिल्या आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत दिवे लागले, तर किती मुली येतात ते बघा.

बचत गटांच्या बायांना पटांगण हवं आहे. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, पापड, कुरडया वाळवायला गच्च्या पुरत नाहीत. सरकीच्या ढिगांसाठी बांधलेला फरसबंद ओटा जिनमध्ये आहे, तो पुन्हा धुवून काढला की झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींनी झोके बांधायचे तर आज गावात झाड उरलेलं नाही. फाटकाजवळचा लिंब अजून धडधाकट आहे. अहिराणीतली गौराईची आणि कानबाईची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्या म्हाताऱ्या आता थकल्या आहेत. तिथे एक साधी बंद खोली आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र मिळालं, तर हायस्कूलची मुलंच त्यांच्याकडून गाणी उतरवून घेतील. अहिराणीबरोबर तावडी, लेवा बोली, भिल्ली, पावरी यांनाही त्यात जागा हवी. सातपुड्यातून कामाला आलेली कुटुंबं आपल्याच गावात राहतात आणि त्यांची बोली आपल्या शाळांच्या भिंतीवर कुठे दिसत नाही.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर खान्देशातच बघा. चाळीसगावला स्टेशनजवळचा छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आज कलादालन आहे. जुन्या जळगावात बहिणाबाईंचं घर त्यांच्या वापरातल्या वस्तूंसह जपलं आहे, आणि शाळेच्या सहली तिथे जातात. मी स्वतः मुलांना घेऊन गेले आहे. जातं, चूल, शेतीची अवजारं बघून ती जेवढे प्रश्न विचारतात तेवढे पुस्तकातला धडा वाचून विचारत नाहीत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंगाच्या भिंतींआड ते होऊ शकलं, तर कापसाच्या कारखान्यात वाचनालय होऊ शकेल. आणि अमळनेरला १९१६ मध्ये प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. कापसाच्या आणि गिरणीच्या धंद्यात असलेल्या माणसाने विचार करणाऱ्यांसाठी जागा बांधली. कापसातून आलेलं काही गावाच्या अभ्यासाला लागावं, ही खान्देशात नवी कल्पना नाही.

आता उत्पन्नाचं. नगरपरिषदेला पैसा लागतो, हे मी मान्य करते. गाळ्यांच्या भाड्यातून पगार निघतात. पण बसस्थानकासमोरच्या संकुलाचा वरचा मजला अजून रिकामा आहे. तिथले गाळे गेले नाहीत आणि आणखी गाळे बांधायचे ते कोणासाठी? त्यापेक्षा जिनची रस्त्याकडची दोन रुईगोदामं दुकानांना द्या. दगडी कमानींत दुकानं शोभतील आणि भाडंही येईल. ते भाडं वेगळ्या खात्यात जमा करून केंद्राच्या वीजबिलाला, झाडलोटीला आणि पगाराला वापरा. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होऊ शकते: पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि पन्हाळी, कारण पाणी आत येणं थांबलं की बाकीची पडझड आपोआप मंदावते. जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, आमदार निधी या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत.

लग्नांबद्दल स्पष्टच लिहिते. पूर्ण जागा मंगल कार्यालय म्हणून भाड्याने द्यायची सूचना नक्की येईल, कारण त्यात पैसा आहे. ती मान्य करू नका. लग्नसराईत डीजे लावून मांडव पडला की अभ्यासिका बंद, बिबडे बंद, म्हातारी माणसं घरी. हे केंद्र ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच उन्हाळाभर बाहेर काढल्यासारखं होईल. फार तर प्रेसघर गरीब कुटुंबांच्या लग्नांना कमी दरात, ठरावीक तारखांना द्या, आणि आवाजाची मर्यादा लिहून घ्या.

आणि आता चालवण्याचा प्रश्न. तालुक्यात एक फेरी मारा. गावोगावी समाजमंदिरं, सांस्कृतिक भवनं, व्यायामशाळा बांधल्या गेल्या. कोनशिलेवर नावं आहेत, दाराला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे म्हणून विचारलं तर एक जण दुसऱ्याचं नाव सांगतो आणि दुसरा परगावी गेलेला असतो. आत खताच्या गोण्या, मंडळाचे ढोल, निवडणुकीचे जुने फलक. बांधकामाला निधी होता. झाडू मारणाऱ्या माणसाला नव्हता. पाच वर्षांनी तीच इमारत पडीक म्हणून पाडायला निघते. जिनच्या बाबतीत हे होऊ नये यासाठी ठरावातच काही गोष्टी लिहा. उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ. दोन पगारी माणसं, त्यातली एक बाई. अंदाजपत्रकात केंद्रासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, जे मंडळ बदललं तरी पुसलं जाणार नाही. देखरेख समितीत नगरसेवकांपेक्षा वापरणारे लोक जास्त: बचत गटातल्या, अभ्यासिकेतली मुलं, हमाल, एखादा निवृत्त कामगार. दर तीन महिन्यांनी जमाखर्च फाटकावर. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आत येऊ शकेल असा उतार पहिल्याच टप्प्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो द्यायचाच आहे, आणि गाड्या चढायच्या त्या काट्याला आधीपासून उतार आहेच.

कोणत्याही पक्षाचं नाव त्या जागेला देऊ नका. लोक तिला जिन म्हणतात, तेच राहू द्या.

सभेपुढे माझ्या विनंत्या अशा आहेत. पाडकामाचा ठराव तूर्त तहकूब करा. जुन्या चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्या आणि अहवाल मराठीत नोटीस बोर्डावर लावा. पावसाळ्याआधी रेचेघराच्या छपरावरची भोकं निदान ताडपत्रीने झाका. आणि निर्णयाआधी एक सुनावणी जिनच्याच पटांगणात, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी घ्या, म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्यांनाही बोलता येईल. या जागेशी त्यांचाही संबंध आहे. त्यांनी तिथे रात्री काढल्या आहेत.

जिनमध्ये काम केलेल्या बायांची, हमालांची, फिटरांची नावं आणि त्यांच्या आठवणी आम्ही काही जणी वहीत उतरवून घेत आहोत. यादी अजून वाढते आहे. सुनावणीच्या दिवशी ती वही आणि ज्यांना चालवतं त्या जुन्या कामगारांना घेऊन आम्ही येऊ. तारीख आठवडाभर आधी कळवावी, म्हणजे खेड्यांत निरोप देता येतील.

कळावे,
आपली नम्र,
जिनमागच्या गल्लीतली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका